वन्सं घोड्यावर बसल्या त्या साली

दुकानासमोर आज पुन्हा घोडी येऊन उभी राहिलीय. पलीकडच्या मंगल कार्यालयात लग्न आहे, नवरदेवाचा अजून पत्ता नाही, बँडवाले लिंबाच्या सावलीला बसून तंबाखू मळताहेत आणि घोडी आपली झूल पांघरून उन्हात. तोंडावर मण्यांची जाळी, पायांत चाळ. घोडीवाल्या जमीरभाईंनी आमच्या नळाची बादली भरून तिच्यापुढं ठेवली. मी झेरॉक्सच्या मशिनमागून बघत होते. गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, पाठपोट काढा." मी एकाच बाजूनं काढून दिलं. तो चिडला. चिडू दे.

लगीनसराई मला सोसत नाही. दुकान कोल्हारात, नगर-मनमाड रस्त्याला लागून, ट्रकांची धूळ बारा महिने पोटात जातेच, त्यात तुळशीचं लग्न लागलं की पाऊस पडेपर्यंत वराती. डीजे लागला की शोकेसची काच थरथरते. मी कानांवर हात ठेवून शिव्या घालते, तर आमचे हे म्हणतात, "लोकांच्या आनंदात मिठाचा खडा टाकू नको गं." टाकते. दुकानाच्या कोपऱ्यात शिलाई मशीन चादरीखाली झाकून ठेवलंय, आणि त्यावर बसणारी बाई ऐन लगीनसराईतच गेली. तिला नेत होतो तेव्हा याच रस्त्यावर समोरून वरात आली. बँड थांबला, लोक बाजूला सरले, नवरदेवानं हात जोडले. आम्ही पुढं गेलो आणि मागं पुन्हा बँड सुरू झाला. चूक कुणाचीच नाही त्यात. पण मला सोसत नाही, बस्स.

ती बाई म्हणजे माझी थोरली नणंद, विमल. मी त्यांना वन्सं म्हणायचे. गावातल्या अर्ध्या नवऱ्यामुलींची लग्नातली ब्लाऊजं त्यांनी शिवली. स्वतःचं लग्न झालं नाही. मानेवर आणि डाव्या हातावर कोड होतं, एवढंच कारण. बघायला आलेली माणसं खाऊन-पिऊन जायची आणि "कळवतो" म्हणायची. कळवायची नाहीत. पुढं पुढं यायचीही बंद झाली, आणि लोकांनी त्यांना तो शब्द चिकटवून दिला. घोडनवरी.

काय शब्द आहे! लग्नाचं वय उलटलेल्या पोरीला आपण घोडनवरी म्हणतो. यात घोडं कुठून आलं देव जाणे. ज्याला घोड्यावर बसवतात तो नवरदेव, आणि घोड्याचं नाव मात्र जिला कुणी पाटावरसुद्धा बसवलं नाही तिच्या गळ्यात. बोलणाऱ्याला हसू येतं, ऐकणारी मान खाली घालते. मी संगमनेरहून लग्न होऊन आले, तेव्हा ह्यांच्या घोड्यामागं करवली म्हणून पाण्याचा करा धरून वन्संच चालत होत्या. माझी मावशी मांडवात माझ्या कानाला लागली, "ती बघ, मागची. घोडनवरी नणंद हाय, जपून ऱ्हा." मी जपून राहिले. उपयोग झाला नाही. पहिल्याच आठवड्यात भाकऱ्या थापता थापता त्या मला म्हणाल्या, "तुझ्या मावशीनं सांगितलं आसंल ना, नणंद घोडनवरी हाय म्हनून? खरं हाय ते. फकस्त घोडं तेवढं मिळालं न्हाई." मी हसू दाबायला गेले आणि पीठच नाकात गेलं. आम्ही दोघी खोकत खोकत हसत सुटलो. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "काय झालं गं?" तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

वन्सं गेल्या त्या साली संक्रांत झाली आणि त्यांचं जेवण तुटलं. आधी वाटलं पित्त. मग पाठ दुखायला लागली, तोंड उतरलं. नगरला नेलं, तपासण्या झाल्या. त्या आत बाकावर बसलेल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. पसरलंय, म्हणाले. कापून उपयोग नाही, जेवढं खातील तेवढं खाऊ द्या, जपा. एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. हे तडक दवाखान्याबाहेरच्या रसवंतीवर गेले आणि दोन ग्लास उसाचा रस घटाघटा प्यायले. ज्या माणसाला गोड आवडत नाही, त्यानं. तोंड पुसून म्हणाले, "आक्काला सांगायचं न्हाई."

"मग काय सांगायचं?"

"अल्सर सांग."

झालं. अल्सर सांगितला. खोटं बोलायला एक शब्द पुरतो, पण पुढं त्याचा संसार मांडावा लागतो. अल्सर म्हटल्यावर पथ्य आलं. तिखट बंद, ठेचा बंद, लोणचं बंद. आयुष्यभर मिरची कडाकडा चावणारी बाई मुकाट्यानं दहीभात खायला लागली. शेजारीण म्हणाली, "कैरीचं लोणचं मुरलंय, चव तरी घ्या विमलआक्का," तर म्हणाल्या, "न्हाई गं बाई, अल्सर हाय." खरं तर त्यांना काय वाटेल ते चालणार होतं. पण आता कुठल्या तोंडानं सांगणार होते की, वन्सं, खा हो ठेचा, काही फरक पडत नाही! आमच्या खोट्याची पथ्यं त्या पाळत होत्या, आणि मी त्यांच्यासमोर बसून भाकरीबरोबर मुळ्याचा तुकडा मोडायची आणि न चावता तसाच ताटात ठेवायची.

अशात रेणूचा फोटो आला. रेणू म्हणजे आमची लेक, पुण्याला नोकरीला. ऑफिसातल्या पोरींबरोबर अलिबागकडं गेली होती, तिथं समुद्रावर घोड्यावर बसून काढलेला फोटो. केस उडताहेत, दात दिसताहेत, मागं पाणीच पाणी. रविवारची दुपार होती, आम्ही तिघं जेवायला बसलेलो. वन्संनी माझा मोबाईल हातात घेऊन फोटो लांब धरला, जवळ धरला.

"आशी बसती व्हय बाई? पाय दोन्हीकडं टाकून?"

"हो, मग कशी बसणार?"

"मलाबी बसायचंय," त्या म्हणाल्या. "आसं. समिंदराच्या कडंनं."

आणि आमचे हे ताटातून मान न उचलता म्हणाले, "बसू की आक्का. मे महिन्यात जाऊ."

आता हे समजायला आमचं घर माहीत पाहिजे. या घरात वन्संनी मागितलं आणि लगेच मिळालं असं मी कधी पाहिलं नव्हतं. शिवणाचा कोर्स करायला नगरला जाते म्हणाल्या, तर एकटी कशी जाणार. सायकल शिकते म्हणाल्या, तर या वयात लोक हसतील. पंजाबी ड्रेस घालते म्हणाल्या, तेव्हा सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या, आणि सासूबाई गेल्यावर ह्यांनी तीच गादी चालवली. स्वभावानं वाईट नाहीत हे, पण बहिणीनं काही मागितलं की "बघू" हा शब्द त्यांच्या तोंडात तयार असायचा. बघू म्हणजे नाही. आणि आता समुद्र, घोडा, मे महिना, सगळं एका घासात. वन्संनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी पटकन ताक वाढायला उठले.

पण मग त्या कामालाच लागल्या. मी त्यांना एवढ्या उत्साहात कधी बघितलं नव्हतं. पहिलं काम, सलवार. साडीत घोड्यावर कशी बसणार? साऱ्या गावाची मापं घेतलेल्या बाईनं पहिल्यांदा स्वतःला टेप लावली. गडद निळं कापड, म्हणजे घोड्याचा मळ दिसायचा नाही. बेतली, शिवली, घालून दुकानात आल्या आणि झेरॉक्सला आलेली कॉलेजची पोरं बघतच राहिली. "काय रे," म्हणाल्या, "मावशी बघितली न्हाई का कधी?" पुढं दर आठवड्याला ती सलवार सैल व्हायची. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या शिवण उसवायच्या आणि कमरेत आत घ्यायच्या, पुन्हा घालून बघायच्या, पुन्हा उसवायच्या. मशीनची टकटक ऐकत मी कागदांचे गठ्ठे लावत बसायची आणि वर बघायची नाही.

दुसरं काम, सराव. "एकदम समिंदरावर जाऊन पडले तर हसं व्हईल," असं म्हणून त्यांनी मला जमीरभाईंकडं नेलं. जमीरभाई गावातले घोडीवाले, त्यांच्या वडिलांपासून वरातीची घोडी पाळतात. आमच्या लग्नातलं ह्यांचं घोडंसुद्धा त्यांच्याच घरचं. त्यांची घोडी गुलाब, पांढरी, वयस्कर, शांत. जमीरभाईंनी ऐकलं आणि दाढी खाजवली.

"आक्का, तुमाला न्हाई कोन म्हननार? पन सराई हाय. नवरदेवाच्या घोडीवर..."

"घोडनवरी बसली म्हनून लोक नावं ठेवतील, आसंच ना?" वन्संच म्हणाल्या.

"तसं न्हाई वो..."

"तसंच हाय. म्हनून लग्नाची तीथ नसंल त्या दिवशी येतो आमी. आन् गावात न्हाई, नदीत."

जमीरभाईंना मी आदल्या दिवशीच जाऊन खरं काय ते सांगून आले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "या. नदीत या."

तर असा आमचा सराव सुरू झाला. लोक तीथ कधी आहे ते पंचांगात बघतात, आम्ही कधी नाही ते बघायचो. प्रवरेच्या पात्रात, पुलापासून लांब, दुपार कलल्यावर. समुद्राची वाळू नाही तर नदीची तरी, असा वन्संचा हिशेब. पण नदीत वाळू राहिलीय कुठं? ट्रकांनी उपसून उपसून खड्डे करून ठेवलेत, मध्ये मध्ये बाभळी माजल्यात. एका वळणावर सतरंजीएवढा वाळूचा पट्टा उरला होता, तेवढाच आमचा समुद्र. चढायला दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल मी बरोबर घ्यायची. जमीरभाई सांगायचे, "गुडघे आवळून धरा, लगाम ढिला, नजर तिच्या दोन कानांमधून पुढं. खाली बघायचं न्हाई. खाली बघितलं की मानूस खालीच येतो."

वन्सं बसल्या. बसल्या म्हणजे काय, दोघांनी मिळून बसवल्या. ताठ बसल्या, पदर सवयीनं सारखा करायला गेल्या आणि पदर नाहीच हे लक्षात येऊन हसल्या. जमीरभाईंनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. गुलाब जागची हलेना. पुन्हा काढला. हलेना. लगाम ओढला तर चार पावलं टाकून थांबली आणि मान वळवून मागं बघायला लागली.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

जमीरभाई ओशाळले. "भाभी, जल्म वरातीत गेला तिचा. बाजा वाजल्याबिगर चालत न्हाई. चार पावलं चालायचं आन् थांबायचं, पोरं नाचतात ना म्होरं. तेवढंच ठावं हाय तिला."

वन्सं घोडीवर बसून पोट धरून हसल्या. "जमीरभाई, सांगा की तिला, मी नवरदेव न्हाई म्हनून!"

"सांगितलं. ती म्हनती, मग झूल का घातली?"

झूल काढली, चाळ काढले, तरी तेच. शेवटी काय करणार? दुसऱ्या खेपेला मी घरून तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं घेऊन गेले. मी, लग्नाला आलेल्या पोरीची आई, दुकानाची मालकीण, भर उन्हात नदीच्या पात्रात पुढं डबा बडवत चाललेय, मागं घोडी, घोडीवर निळी सलवार घातलेली माझी नणंद, बाजूला जमीरभाई. पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. त्यातली एक ओरडली, "काय गं शैला, कुणाचं लगीन?" मी ओरडले, "तुझ्या सासूचं!" आणि डबा आणखी जोरात बडवला. वन्सं वरून म्हणाल्या, "ताल चुकतोय तुझा, घोडी लंगडायला लागली."

त्या दिवसांत आम्ही फार हसलो. आता आठवलं की वाटतं, इतकं हसायचं काही कारणच नव्हतं. घरी आल्यावर वन्सं मोरीत जायच्या आणि खाल्लेलं सगळं ओकायच्या, नळ मोठा सोडून, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. मी मोरीच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असायची. बाहेर आल्या की "ऊन लागलं गं" म्हणायच्या आणि मी "हो, ऊन फार आहे यंदा" म्हणायची. आजारी माणूस घरात असलं की खरं बोलणं घराबाहेर जाऊन उभं राहतं. मी दुकानात बोलायचे, जमीरभाईंशी बोलायचे, रेणूशी फोनवर रडायचे. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याशी मात्र ऊन आणि अल्सर. कधी कधी राग यायचा मला. डॉक्टरांचा, ह्यांचा, आणि खरं सांगू, वन्संचासुद्धा. कळत कसं नाही या बाईला, असं वाटायचं. टेप तर रोज हातात असते!

चैत्र सरत आला तेव्हा एक दिवस त्यांना पाय उचलेना. स्टुलावर चढल्या, एक हात गुलाबच्या पाठीवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. कपाळावर घाम. मी मागून धरलं तर हाताला नुसती हाडं लागली. जमीरभाई लगेच म्हणाले, "आज राहू द्या आक्का, घोडीचाच पाय दुखतोय." खोटं. ते पण आमच्यातलेच झाले होते. वन्संनी त्यांच्याकडं बघितलं. मग स्टुलावरून उतरून त्या गुलाबच्या मानेला गाल लावून उभ्या राहिल्या. घोडी कान हलवत गप उभी होती. पुलावरून मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागं एक ट्रक चालले होते, एकानं लांबलचक हॉर्न दिला आणि त्या आवाजावर गुलाब बिचारी जागच्या जागी नाचायला लागली. मला रडू आवरेना. मी डबा उचलून बाभळीआड गेले आणि लघवीला गेल्याचं नाटक केलं.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मे महिना कसला बघताय? उद्याच्या उद्या गाडी करा." ह्यांनी केली. डॉक्टरांना विचारलंच नाही. नाही म्हणाले असते, आणि नाही ऐकायची आमची तयारी नव्हती.

रेणू पुण्यातून गाडीत बसली. मागच्या सीटवर उशा लावून वन्संना निजवलं होतं. घाटात वळणावळणाला त्या ओठ दाबायच्या, पण थांबू का विचारलं की, "चला, चला." आमच्याकडची जमीन बघून बघून डोळ्यांना करड्या रंगाची सवय झालेली. खाली उतरलो, नारळी-पोफळी लागल्या आणि मग एका वळणाला अचानक समुद्र दिसला. आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या त्या. म्हटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "केवढं पानी, आन् एका पिकाच्या कामाचं न्हाई."

संध्याकाळ व्हायला आली होती, ऊन उतरलं होतं, माणसं तुरळक होती. किनाऱ्यावर घोडे उभे होते. वन्संनी स्वतः निवडला, तांबडा, अंगानं बेताचा. घोडेवाला तरणा पोरगा होता, म्हणाला, "मावशी, पहिल्यांदाच का?" तर ताठ मानेनं म्हणाल्या, "शिकून आलेय मी." त्याला जवळच्या कठड्यापाशी घोडा लावायला सांगितला. ह्यांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. ह्यांनी बहिणीला लहान मुलासारखं उचलून वर ठेवलं. काही वजनच नव्हतं. ठेवलं आणि ते पाठ फिरवून सरळ पाण्याकडं चालायला लागले, पँट भिजली तरी थांबले नाहीत. रेणू मोबाईल घेऊन लांब पुढं जाऊन उभी राहिली होती. घोड्याजवळ मी एकटी.

वन्संनी गुडघे आवळले, लगाम ढिला धरला. वाऱ्यानं निळी सलवार फडफडत होती. भावाच्या पाठीकडं बघत म्हणाल्या, "बापू रडतोय का गं?"

"नाही हो. डोळ्यांत वाळू गेली असेल."

"संक्रांतीपासनं वाळूच जातीय त्याच्या डोळ्यांत. कोल्हारात कुठनं आली एवढी वाळू?"

मी घोड्याची आयाळ सारखी करत राहिले. त्या खाली वाकल्या. त्यांचा तो कोडाचा हात माझ्या डोक्यावर आला.

"शैला, अल्सर न्हाई ते ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"बापूनंच. मी घोड्यावर बसायचं म्हनले आन् तो एका शब्दात व्हय म्हनला ना, तवाच. जल्मात कधी म्हनला व्हता का?"

"मग बोलला का नाहीत हो वन्सं? इतके दिवस आम्ही... तुम्ही तो दहीभात..."

"बोलले आसते तर तुमी समदे मला निजवून भवती रडत बसला आसता. घोडं ऱ्हायलं आसतं माझं."

मी घोड्याच्या खोगिराला डोकं टेकलं आणि मला जे रडू सुटलं ते आवरेना. पोरगा बिचारा घाबरून दोर धरून उभा. वन्संनी त्याच्या हातातला दोर मागून घेतला, ताठ बसल्या, नजर घोड्याच्या कानांमधून पुढं लावली.

"रड आता," त्या म्हणाल्या. "लई दिस दाबून धरलंस. काय रडायचं ते रडून घे, मी तवर एक फेरी मारून येते."